अकरा नंबरला पास

"मग उद्या तिला खेळवायचं की बाहेर बसवायचं, बाई?"

बाई तुरीच्या शेंगा सोलत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, "कोणाला?"

"जुई भोयरला. मघापासून तिचंच तर सांगतेय मी."

"मघापासून तू तुझंच सांगत आहेस," बाई म्हणाल्या आणि मूठभर शेंगा तिच्यापुढे सरकवल्या. "घे. सोल."

तेजल डहाके शेंगा सोलायला आली नव्हती. तालुक्याच्या गावातल्या एका साध्या कॉलेजच्या बास्केटबॉल टीमची ती कॅप्टन. देशभरातल्या कॉलेजांची स्पर्धा नागपुरात भरली होती. आजवर या कॉलेजची कोणतीच टीम विभागाच्या बाहेर गेली नव्हती. यंदा पोरी थेट फायनलला पोचल्या. फायनल उद्या दुपारी, पुण्याच्या एका बड्या कॉलेजशी.

आणि ही टीम ज्यांनी उभी केली त्या कुसुम आत्राम बाई नागपूरच्या कडेला एका वस्तीत दोन खोल्यांत राहत होत्या. सव्वीस वर्षं त्यांनी त्या कॉलेजात पोरी खेळवल्या. मुरमाचं मैदान पोरींकडूनच चोपून सपाट करून घेऊन त्यावर कोर्ट आखलं. आता गुडघे गेले होते, स्टेडियमच्या पायऱ्या झेपत नव्हत्या. पण नागपुरात आलेली प्रत्येक कॅप्टन एकदा तरी बाईंच्या दारात येऊन जायची. बाई फार बोलत नसत. पोरी म्हणायच्या, बाईंचं अर्धं वाक्य तिथं ऐकू येतं आणि उरलेलं आठ दिवसांनी.

तेजलकडे आठ दिवस नव्हते.

तिने दोन शेंगा सोलल्या, तिसरी हातातच राहिली.

"आमच्या मूव्ह फुटतात, बाई. डिसेंबरात झोनच्या मॅचेस झाल्या, तेव्हापासून. मी पास कुठं देणार ते समोरच्या पोरींना आधीच माहीत असतं. सेमीफायनलला तर आम्ही दोनच पॉइंटनी निघालो. कोणीतरी सांगतंय."

"कोणीतरी..."

"जुई. यंदाच आली ती. कुठून आली, माहीत आहे? उद्या ज्यांच्याशी खेळायचं आहे, त्याच पुण्याच्या कॉलेजातून. तिथं दोन वर्षं खेळली आणि एकदम आमच्याकडे. म्हणे वडिलांची बदली झाली."

"झाली होती का बदली?"

"झाली होती," तेजल म्हणाली. तिने चौकशी केली होती. "पण बदली काय, मागूनही घेता येते."

बाईंनी दाणे टोपलीत टाकले.

"आणि मी स्वतः ऐकलंय. पाण्याच्या टाकीमागं ती फोनवर बोलत होती. 'हो सर. नाही सर, ते तेजलच ठरवते.' मला पाहिलं आणि फोन ठेवला. त्या आवाजात आमच्या हटवार सरांशी कोणी बोलत नाही, बाई. तो पुण्याचा कोच होता."

हटवार सर म्हणजे कॉलेजचे आत्ताचे क्रीडाशिक्षक. भला माणूस. तेजलला विचारल्याशिवाय ते सुरुवातीच्या पाच पोरींची नावं लिहीत नसत. म्हणजे जुईला बसवायचं की खेळवायचं, हे खरोखर तेजलच ठरवणार होती. बाईंनी नुसतं 'बसव' म्हटलं असतं तरी तिचं काम झालं असतं. त्या एका शब्दासाठीच ती रिक्षा करून इतक्या लांब आली होती.

बाई तो शब्द बोलेनात.

मग तेजलने सॅकची चेन ओढली आणि आतून एक वही काढली. निळ्या पुठ्ठ्याची, दोनशे पानी.

"ही बघा."

"कोणाची?"

"तिचीच. यात आमची एकूण एक मूव्ह काढलेली आहे. बाण, नंबर, तारखा, सगळं. हे कशाला लागतं कोणाला?"

"तिनं दिली तुले?"

तेजल सॅकची चेन लावायला लागली.

सकाळी जुई आंघोळीला गेली तेव्हा तेजलने तिची बॅग उघडली होती. कपड्यांच्या तळाशी, टॉवेलात गुंडाळलेली ही वही होती. लपवूनच ठेवलेली, असं तेजलला वाटलं. आपण काय करतो आहोत, हे त्या वेळी तिच्या मनात आलं नाही. मनात आलं ते एवढंच, की सापडली.

बाईंनी पदराला हात पुसले, चष्मा लावला आणि वही मांडीवर घेतली. पहिलं पान. दुसरं. सावकाश. कोर्टाची आकृती, गोलात नंबर, आणि बॉल कोणाकडून कोणाकडे गेला त्याचे बाण. अक्षर बारीक आणि स्वच्छ होतं.

"तुझा नंबर सात ना?"

"हो."

"तिचा?"

"अकरा."

बाईंनी वही तिच्याकडे फिरवली. "हे ऑगस्टचं पान. अकरा नंबरला किती बाण येतात?"

तेजलने पाहिलं. "चार... पाच."

बाईंनी पानं उलटली. "हे नोव्हेंबरचं."

"एक."

"आणि डिसेंबर?"

तेजलने पान पाहिलं. पुढचं पाहिलं. त्याच्याही पुढचं. सगळ्या मूव्ह तिच्याच होत्या, सात नंबरपासून सुरू होणाऱ्या. बाण पाचाला जात होते, नवाला जात होते, पुन्हा साताकडे येत होते. अकरा नंबरचा गोल कोपऱ्यात तसाच उभा होता. त्याच्याकडे एकही बाण येत नव्हता.

"फोन कधी ऐकलास तू?" बाईंनी विचारलं.

"दिवाळीनंतर. कॉलेज उघडलं त्याच आठवड्यात."

"आणि मूव्ह फुटायला लागल्या...?"

"डिसेंबरात."

"मधल्या काळात काय झालं?"

...

बाहेर कोणीतरी हापसा मारत होतं. तेजलने डिसेंबरचं पान पुन्हा एकदा उलटून पाहिलं.

"मी तिला बॉल देणं बंद केलं," ती शेवटी म्हणाली.

"पाचजणींनी चौघींनाच धरायचं, एवढं कळायला फोन लागतो का पोरी?"

तेजलच्या कानाच्या पाळ्या तापल्या. क्षणभर तिला हायसं वाटलं आणि दुसऱ्या क्षणी ते हायसं वाटणंच खटकलं. बाई बोलतात ते खरं असेलही. पण त्याने फोन खोटा ठरत नव्हता.

"पण ती बोलत होती, बाई. मी माझ्या कानांनी ऐकलंय."

"हाव."

"मग ती तशी नाही, असं म्हणता तुम्ही?"

"मी कुठं म्हटलं? मले काय माहीत, ती कशी हाय ते."

"मग मी तिच्यावर विश्वास कसा ठेवू?"

"विश्वास बसायची वाट पाहशील तं मॅच संपून जाईल," बाई म्हणाल्या. त्यांनी वही मिटून तिच्या हातात दिली आणि पुन्हा शेंगा ओढल्या. "शंका राहू दे तुझ्याजवळ. बॉल तिला दे."

"शंका असताना?"

बाई शेंगा सोलत राहिल्या.

तेजल उठली. दारात पायात बूट घालताना तिने विचारलं, "ही वही... गुपचूप ठेवून देऊ परत?"

"आणलीस कशी?"

"गुपचूपच."

"हं," बाई म्हणाल्या आणि पुढची शेंग उचलली.

*

वही त्या संध्याकाळी सॅकमध्येच राहिली. ठेवायला संधी मिळाली नाही, असं तेजलने स्वतःला सांगितलं. खरं तर संधी दोनदा मिळाली होती.

सकाळी जुई बॅग उपसून बसली. टॉवेल झटकला, गादी उचलली, उशीचा अभ्रा काढून पाहिला.

"माझी निळी वही पाहिली का कोणी?"

पोरी मदतीला धावल्या. फायनलच्या दिवशी कोणाचं काही हरवणं बरं नव्हे, म्हणून सगळ्यांनी मिळून खोली पालथी घातली. कोणी बाथरूममध्ये पाहून आलं, कोणी रात्रीच्या जेवणाच्या हॉलमध्ये. तेजल खिडकीशी बसून बुटांच्या नाड्या बांधत राहिली. एक नाडी तिने तीनदा बांधली.

'एका वहीसाठी एवढी कासावीस?' तिच्या मनात आलं. 'नुसत्या रेघोट्या असत्या तर इतका जीव टांगणीला लागला असता का?'

जुईने शोधणं थांबवलं. खोलीच्या मधोमध उभं राहून तिने एकेकीकडे पाहिलं. तेजलकडेही पाहिलं. मग निमूटपणे कपड्यांच्या घड्या घालायला लागली.

अकरा वाजता हटवार सर कागद घेऊन आले. "पाच नावं सांग गं."

तेजलने चार सांगितली. सरांचं पेन थांबलं.

"...आणि जुई," ती म्हणाली.

*

दुपारी स्टेडियम भरलं होतं. पुण्याच्या पोरी उंचीने बोटभर जास्तच. त्यांचा कोच पांढऱ्या टी-शर्टातला, चाळिशीचा, हाताची घडी घालून उभा. पोरी कोर्टवर उतरल्या तेव्हा त्याने जुईकडे पाहून मान हलवली. जुईनेही हलवली.

तेजलने ते टिपलं.

पहिला अर्धा वेळ तिने बॉल अकरा नंबरला दिला नाही. बाईंचं बोलणं कानात होतं, पण हात ऐकत नव्हते. बॉल हातात आला की नजर आधी जुईकडे जायची, आणि मग तिला सोडून दुसरीकडे. पुण्याच्या पोरी तिच्या नजरेवरच खेळत होत्या. जुईला धरायला नेमलेली पोरगी तर जुईजवळ फिरकतच नव्हती. ती तेजलच्या वाटेवर उभी होती. हे इतके दिवस आपल्याला दिसलं कसं नाही, याचं तेजलला नवल वाटलं.

अर्ध्या वेळेला त्या नऊ पॉइंटनी मागे होत्या.

तिसऱ्या क्वार्टरला तिने डोळे मिटून घ्यावेत तसा पहिला पास दिला. जुई कोपऱ्यात एकटी उभी होती. बॉल आपल्याकडे येतोय हे तिच्या ध्यानात यायलाच वेळ लागला. तिने तो कसाबसा धरला, उडी घेतली, शॉट मारला. बॉल जाळीतून खाली आला.

दुसरा पास. हाही शॉट जाळीत पडला.

तिसरा चुकला. साधा शॉट होता, समोर कोणी नव्हतं. 'चुकला की चुकवला?' तेजलने चटकन पुण्याच्या कोचकडे पाहिलं. तो टाळ्या वाजवत होता. स्वतःच्या पोरींसाठी असेल. कशावरून?

चौथा पडला.

आता पुण्याच्या पोरींना अकरा नंबरवर माणूस ठेवणं भाग पडलं आणि बाकीच्या चौघी मोकळ्या झाल्या. नऊचे पाच झाले, पाचाचे तीन. हटवार सर बेंचवरून उठले ते परत बसलेच नाहीत. प्रत्येक पासाआधी तेजलची नजर पांढऱ्या टी-शर्टाकडे जायची आणि प्रत्येक वेळी ती पास द्यायची. तिच्या मनातली शंका एका कणानेही कमी झाली नव्हती. हात मात्र आता ऐकायला लागले होते.

शेवटचे अकरा सेकंद. एकसष्ट-बासष्ट. एका पॉइंटने मागे, बॉल तेजलकडे.

तिने डावीकडे वळल्यासारखं करून उजवीकडे मुसंडी मारली. दोघी अंगावर आल्या. एक समोरून, दुसरी कोपरा सोडून. कोपऱ्यात जुई मोकळी राहिली.

तिच्या पलीकडे, रेषेबाहेर, पांढरा टी-शर्ट उभा होता.

सहा सेकंद. दोघींच्या हातांमधून शॉट मारता आला असता. वेडावाकडा, पण स्वतःचा. पडला नसता तर आपला आपण चुकलो असतो, कोणावर संशय घ्यायचं कारण राहिलं नसतं.

तेजलने बॉल जमिनीवर आपटून दोघींच्या मधून कोपऱ्यात काढला. आणि बॉल हातातून सुटला तशी, शॉट चुकलाच तर म्हणून, ती बास्केटकडे पळाली.

जुईने बॉल घेतला. पाय जुळवले. घाई केली नाही. शॉट वर गेला, रिंगच्या पुढच्या कडेला लागला, उडाला आणि बाहेर आला.

तो तेजलच्या हातांत आला. ती तिथंच होती. तिने तो बोर्डवर टेकवून आत टाकला आणि भोंगा वाजला.

त्रेसष्ट-बासष्ट.

पोरी तिच्या अंगावर पडल्या. हटवार सरांचा चष्मा कोणाच्या तरी पायाखाली गेला आणि ते तसेच हसत-रडत उभे राहिले. तेजलने पोरींच्या गराड्यातून मान काढून कोपऱ्याकडे पाहिलं. जुई तिथंच उभी होती, दोन्ही हात कमरेवर, रिंगकडे बघत.

*

बक्षिसं वाटून झाल्यावर जुई मागच्या नळावर तोंड धूत होती. तेजल शेजारच्या नळावर आली. पाणी सोडलं, पण हात पुढं केले नाहीत.

जुईने विचारलं, "माझी वही कधी देणार?"

पाणी वाहत राहिलं.

"तुला माहीत होतं?"

"सकाळी सगळ्याजणी शोधत होत्या. तू एकटीच उठली नाहीस."

तेजलने सॅकमधून वही काढून दिली. जुईने ती चाळली नाही. तशीच काखेत धरली.

"मी विचारायला हवं होतं," तेजल म्हणाली.

"हो."

"आता विचारते. त्या दिवशी टाकीमागं तू फोनवर... पुण्याच्या सरांशीच बोलत होतीस ना?"

"हो."

"काय?"

"परत ये म्हणत होते. मी नाही म्हटलं. मग त्यांनी विचारलं, तिथं तुला सुरुवातीच्या पाचात तरी घेतात का? मी म्हटलं, ते तेजलच ठरवते."

"एवढंच?"

"एवढंच."

"मग मला पाहून फोन का ठेवलास?"

जुईने टॉवेलने तोंड पुसलं. "तू ज्या नजरेने पाहिलंस, त्या नजरेपुढं कोणीही ठेवला असता."

तेजलला आणखी एक विचारायचं होतं. त्या शेवटच्या शॉटचं. ओठांपर्यंत आलेलं ते तिने गिळलं. जुई थोडा वेळ थांबली, जणू तिलाही ठाऊक होतं की एक प्रश्न उरला आहे. मग वही घेऊन निघून गेली.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी, बस सुटायच्या आधी, तेजल पुन्हा बाईंच्या दारात होती.

बाई उन्हात खाटेवर बसून गुडघ्यांना तेल चोळत होत्या. तेजलने गळ्यातलं मेडल काढून त्यांच्या हातात दिलं. बाईंनी ते तळहातावर तोललं.

"जड हाय," म्हणाल्या, आणि परत दिलं.

तेजल खाली बसली. तिने सगळं सांगितलं. पहिल्या पासापासून नळावरच्या बोलण्यापर्यंत. स्वतःची बाजू राखून सांगावं, असं एकदोनदा मनात आलं, पण तिने तसं केलं नाही. आदल्या दिवशी सकाळी आपण नाड्या बांधत बसलो होतो, तेही सांगितलं. बाई ऐकत होत्या. तेल जिरत होतं.

"फोनचं ती म्हणते ते खरंही असेल," तेजल म्हणाली. "ते मी सोडून देते. पण तो शेवटचा शॉट, बाई. ती एकटी होती. वेळ होता. असे शॉट ती डोळे बांधून मारते. आणि समोर तो माणूस उभा..." ती थांबली. "आम्ही जिंकलो. पेपरात फोटो आला. गावात ढोल लावलेत म्हणे. आणि माझ्या डोक्यात रात्रभर तेवढंच फिरतंय. तुम्ही जन्मभर पोरींचे हात पाहिलेत. तुम्ही सांगा. ती चुकली, की तिनं चुकवला?"

बाईंनी तेलाच्या वाटीवर झाकण ठेवलं.

...

"तिनं शॉट मारला, तवा तू कुठं होतीस?"

"सांगितलं ना. बास्केटखाली."

"आणि पास कुठून दिलास?"

"लांबून. दोघींच्या मधून."

बाईंनी पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. मग खाटेवरून पाय खाली सोडत त्यांनी विचारलं,

"पास देऊन तिथंच उभी काहून नाही राहिलीस?"